अण्णांनी बटण सोडलं होतं

शिवाजीनगरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. वायरिंग, हेडलाइट, हॉर्न, स्टार्टर, जे येईल ते. आमचं घराणं या कानडी शहरात नेमकं कधी आलं ते घरात कोणालाच सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, गल्लीत कन्नड, आणि दुकानात गिऱ्हाईक जी भाषा घेऊन येईल ती.

अण्णा मराठी घेऊन आले. कोणाच्या तरी लग्नात त्यांना माझं नाव कळलं होतं. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, शर्टाच्या खिशात नेहमी घडी केलेला कागद. सर्व्हे खात्यातून निवृत्त झाले होते. राहायला जे. पी. नगरात. त्यांच्या पत्नीला मी पहिल्या दिवसापासून अक्काच म्हणत आलो. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्याच्या दीड वर्ष आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं शाबूत होतं, पण चाकाच्या खुर्चीतून उठता येत नव्हतं. डाव्या पायाला तर काही कळतच नसे. तो खुर्चीच्या पायपट्टीवरून घसरला तरी त्यांना पत्ता लागत नसे.

अण्णांनी एक लहान व्हॅन घेतली होती. मधली सीट काढून, मागच्या दाराला एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी प्लॅटफॉर्म करून घेतला होता. खुर्ची त्यावर ढकलायची, मोटरने प्लॅटफॉर्म वर जायचा, खुर्ची गाडीत घ्यायची. उतरताना याच्या उलट. लोखंडाचं काम झालं होतं, मोटर बसली होती, वायरिंग बाकी होतं. ते करायला ते माझ्याकडे आले होते.

अक्का गाडीत पुढे बसल्या होत्या; दोन शेजाऱ्यांनी उचलून बसवलं होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. मी मोटर तपासत असताना त्या खिडकीतून प्रश्न विचारत होत्या. हे काय, ते कशाला. रिले म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मोटरला मोठा करंट लागतो, तो सगळा हातातल्या बटणातून नेला तर बटण जळेल, म्हणून मध्ये रिले बसवायचा. बटणातून थोडासा करंट जातो, त्याने रिलेमधली कॉइल लोहचुंबक होते, आतले दोन पॉइंट जुळतात, आणि मोठा करंट बॅटरीतून परस्पर मोटरला जातो. बटण सोडलं की पॉइंट सुटतात. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे शाळेतला शिपाई. हेडमिस्ट्रेस नुसती बेल दाबते, टेबल उचलतो तो." मी इतक्या जणांना रिले समजावला असेल, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

या कामाला दोन रिले लागत होते, एक वर जायचा आणि एक खाली यायचा. रिले निवडताना मोटर चालताना किती करंट घेते एवढं बघून भागत नाही. ती सुरू होते तो क्षण बघावा लागतो. मी स्वतः प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो आणि अण्णांना मोटर जोडायला सांगितली. चालताना मीटर अठ्ठावीस अँपिअर दाखवत होता, पण सुरुवातीला एक क्षण आकडा नव्वदच्या पुढे गेला. हेडलाइटला आणि पंख्याला वापरतो ते चाळीस अँपिअरचे रिले माझ्या रॅकवर ढिगाने होते. अठ्ठाविसाला चाळीस पुरतो असं कोणीही म्हणेल. मी म्हणायला नको होतं. दर वेळी सुरू होताना त्या पॉइंटवर ठिणगी पडते, पॉइंट थोडे वितळतात, आणि कधीतरी एकमेकांना चिकटून बसतात. मग बटण सोडलं तरी मोटर चालूच राहते. वरच्या आणि खालच्या टोकाला आपोआप थांबवायला फॅब्रिकेटरने दोन लिमिट स्विच दिले होते, पण ते फक्त कॉइलचा करंट तोडतात. पॉइंटच चिकटले तर त्यांचा उपयोग शून्य. या कामाला, चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायच्या विंचला लावतात तसे मोठे, जाड तांब्याच्या पॉइंटचे रिले हवे होते. शिवाय मेन लाइनवर एक लाल कट-ऑफ स्विच हवा होता, काही झालं तर सगळंच बंद करायला. मोठे रिले यायला आठ दिवस लागणार होते.

अण्णांनी खिशातला कागद काढून मला दाखवला. पत्रिका होती. अक्कांची थोरली बहीण येलहंक्याला राहत होती, तिचं सहस्रचंद्रदर्शन त्या गुरुवारी होतं. ती बहीण गुडघ्यांनी घरात अडकलेली, ही खुर्चीत अडकलेली. शहराच्या दोन टोकांना राहणाऱ्या या दोघी दीड वर्षात एकमेकींना भेटल्या नव्हत्या. अण्णा त्यांच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाले, "स्वल्प बघा की. गुरुवारपर्यंत झालं तर फार बरं."

मी चाळीसचे रिले बसवले. गुरुवारपुरते, असं स्वतःला सांगितलं. अण्णांनाही सांगितलं की हे तात्पुरतं आहे, मोठे आले की बदलू. पण का बदलायचे ते नाही सांगितलं. चिकटू शकतात हे सांगितलं असतं तर अण्णांनी व्हॅन नेलीच नसती. माझं काम नाकारलं जाईल याची भीती नव्हती मला. त्यांचा गुरुवार चुकवणारा मी नको, असं वाटलं. तेव्हा तो मला चांगुलपणाच वाटला होता.

वायर मात्र मी उत्तम घातली. जाड, मऊ, प्रत्येक टोकाला नीट दाबलेली तांब्याची टोपी, म्हणजे लग, बॅटरीजवळ फ्यूज. पाच वेळा वर, पाच वेळा खाली करून बघितलं. रिले टक टक करत जुळत आणि सुटत होते. शुक्रवारी अण्णांनी फोनवर फोटो पाठवला. दोन्ही बहिणी शेजारी शेजारी, थोरलीच्या गळ्यात हार, अक्कांचा उजवा हात तिच्या मांडीवर. त्यानंतर दर गुरुवारी ते येलहंक्याला जाऊ लागले.

मोठे रिले आठवड्याने आले. मी फोन केला. त्या आठवड्यात अक्कांना व्यायाम शिकवणारी बाई रोज यायची होती, पुढच्या आठवड्यात आणू का, असं अण्णांनी विचारलं. मी म्हणालो, "काही घाई नाही, सावकाश आणा." हे वाक्य मी रोज कोणाला ना कोणाला म्हणतो. पुढचा आठवडा गेला. मग एका जीपवाल्याला विंचसाठी तसेच रिले तातडीने हवे होते, ते मी त्याला लावले. पुन्हा मागवले, तेही आले, आणि रॅकवर राहिले. मध्ये दोनदा अण्णा गल्लीत आले, दोन्ही वेळा बसने. गाडी छान चाललीय म्हणाले. चालतंय ना, मग चालू दे, असं माझ्या मनात आलं. या धंद्यात हा विचार करायचा नसतो, आणि या धंद्यातच तो सगळ्यात जास्त केला जातो. असे अकरा महिने गेले.

पुढचं मला अण्णांनी दुसऱ्या दिवशी पहाटे फोन करून सांगितलं. येलहंक्याहून परत येऊन दुपारी चारच्या सुमारास त्यांनी घराच्या फाटकासमोर व्हॅन लावली. उतरवताना त्यांची एक पद्धत होती. प्लॅटफॉर्म जमिनीपासून वीतभर अंतरावर आला की बटण सोडायचं, खाली वाकायचं, अक्कांचा डावा पाय पायपट्टीवर आहे ना ते बघायचं, घसरला असेल तर उचलून ठेवायचा, मग उरलेलं अंतर उतरवायचं. त्या दिवशी त्यांनी बटण सोडलं आणि प्लॅटफॉर्म थांबला नाही. पाय घसरून कडेच्या खाली लोंबत होता. त्यांनी रिमोटचं वर न्यायचं बटण दाबलं. प्लॅटफॉर्म थांबला, पण वर जाईना. ते पाय काढायला वाकले, बटण सुटलं, आणि तो पुन्हा खाली निघाला. पाय लोखंडी कडेच्या आणि रस्त्याच्या मधे सापडला. मोटर अडली, फ्यूज उडाला, तेव्हा कुठे सगळं थांबलं. शेजारच्या दोघांनी हाताने चालवायचं हँडल फिरवून प्लॅटफॉर्म उचलला. घोट्याची दोन हाडं मोडली होती. अक्कांना पायाला काही कळत नव्हतं, म्हणून त्या ओरडल्या नाहीत. अण्णांचा चेहरा बघून त्यांना समजलं.

मी त्याच सकाळी पेटी घेऊन गेलो. अक्का हॉस्पिटलमध्ये होत्या, त्यांचा मुलगा अमेरिकेहून यायला निघायच्या तयारीत होता. अण्णा घरी कपडे न्यायला आले होते. मी व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यातली रिलेंची पेटी उघडली, खाली यायच्या रिलेची वायर सोडवली आणि त्याला मीटर लावला. वाजायला नको होता. तो वाजला. बॅटरी नाही, बटण नाही, आणि पॉइंट जुळलेले. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हणालो तपासतोय.

मला सगळं तिथेच समजलं होतं. खालचा रिले चिकटलेला असताना वरचं बटण दाबलं की मोटरच्या दोन्ही टोकांना बॅटरीचा पॉझिटिव्हच मिळतो आणि ती जागच्या जागी थांबते. बटण सोडलं की परत खाली निघते. म्हणजे दाबलं की थांबतो आणि सोडलं की चालतो. कोणत्याही माणसाला वाटेल की आपली बटणं उलटसुलट झाली. अण्णांना तेच वाटत होतं. त्यांचा उजवा हात त्या वर्षी थोडा कापायला लागला होता. तो हात दुसऱ्या हाताने धरून ते म्हणाले, "मी बटण सोडलं होतं. निदान मला तरी तसं आठवतंय. रिमोटमध्ये काही दोष आहे का?"

मी म्हणालो, "अण्णा, रिमोट ठीक आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. रिमोट खरंच ठीक होता. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण त्या खऱ्या वाक्याइतकं वाईट दुसरं काही बोललो नाही. अण्णांनी मान हलवली. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि घरात गेले. मी रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एक हलका ठोका मारला, पॉइंट सुटले, मीटर गप्प झाला. दोन्ही रिले खिशात टाकले. रॅकवर पडलेले मोठे रिले मी बरोबर नेले होते, म्हणजे येतानाच मला अंदाज होता. ते बसवले, मेन लाइनवर लाल स्विच बसवला. काम नीट दोन तास केलं. अण्णा बाहेर आले तेव्हा म्हणालो की आता जास्त सुरक्षित करून ठेवलंय. त्यांनी माझे आभार मानले.

मुलगा आला. त्याने मला फोन करून एकच गोष्ट विचारली, की बाबांकडून बटण चुकलं असेल का. मी म्हणालो, असू शकतं. त्याने व्हॅन विकायला लावली. अक्कांचीही तीच इच्छा होती. अण्णांनी एकदाही वाद घातला नाही, असं मला पुढे कळलं. किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यानंतर कुठलीच गाडी चालवली नाही.

अक्कांचा घोटा तीन महिन्यांत जुळला. पण आता त्यांना बाहेर नेणारं काही उरलं नव्हतं. टॅक्सीत बसवायचं तर दोन माणसं लागायची, आणि दुसऱ्या कोणी उचललेलं त्यांना नको होतं. गुरुवारी दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं, कारण अण्णा अधूनमधून दुकानात यायचे. इन्व्हर्टरची वायर, इमर्जन्सी लॅम्प, असं काहीतरी घेऊन. मी त्यांना बसायला स्टूल द्यायचो, कॉफी मागवायचो. प्रत्येक वेळी ठरवायचो की आज सांगू, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी गिऱ्हाईक यायचं. गिऱ्हाईक आलं की मला हायसं वाटायचं.

अडीच वर्षं अशी गेली. या वर्षी पावसाळ्याआधी अण्णा आले, हातात काही नव्हतं. येलहंक्याची बहीण गेल्याचं त्यांनी सांगितलं. "आजारी होती पंधरा दिवस, हिला भेटायचं म्हणत होती. अॅम्ब्युलन्सने नेऊ म्हणालो, पण ही तयार होईपर्यंत उशीर झाला. शेवटचं दर्शन हिने फोनच्या पडद्यावर घेतलं, भाचीने फोन धरला होता." एवढं सांगून ते म्हणाले, "दोष माझाच. त्या दिवशी माझा हात चुकला नसता तर ती दर आठवड्याला भेटली असती."

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी आधी त्यांचं काम घेतलं. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, जे. पी. नगरला गेलो.

अक्का खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांनी माझी चौकशी केली. अण्णा आत कॉफी करत होते. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि उभ्यानेच बोललो. "अक्का, त्या दिवशी अण्णांनी बटण सोडलं होतं. रिले चिकटला होता. तो मी बसवलेला, त्या मोटरला न पुरणारा. बदलायचा राहिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला हे कळलं होतं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या अण्णांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलंत मला. आणि मी म्हणाले, आता वय झालंय, कबूल करा."

अण्णांनी मला विचारलं, "तो मीटर वाजला होता. तेव्हाच?"

मी हो म्हणालो. त्यांनी तो आवाज ऐकला होता आणि अडीच वर्षं लक्षात ठेवला होता.

आतमध्ये दूध उतू गेल्याचा वास आला. अण्णा गेले, गॅस बंद केला, आणि खरोखरच कॉफी घेऊन आले. तीन पेले. मी घेतला, कारण नाही म्हणायची माझी काही पत नव्हती. मग अक्का माझ्याशी बोलल्या, आवाज अगदी साधा होता. "हे तेव्हा सांगितलं असतंत तर आम्ही रागावलो असतो. खूप रागावलो असतो. पण पाय बरा झाल्यावर मी यांच्याबरोबर ताईकडे गेले असते."

मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकून घेतली.

अण्णांनी फोन उचलला आणि मुलाला लावला. तिकडे रात्र असेल, तरी लावला. मला म्हणाले, "त्याला सांगा. माझ्यादेखत सांगा." मी सगळं पुन्हा सांगितलं, कोणता रिले, का बसवला, का बदलला नाही. तो म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं." मी म्हणालो, हो, विचारलं होतं. त्याने फोन बाबांकडे द्यायला सांगितलं. अण्णा फोन घेऊन बाल्कनीत गेले. मला त्यांची पाठ दिसत होती. ते फार काही बोलत नव्हते, बहुतेक ऐकत होते, आणि एका हाताने कठडा धरला होता. अक्का मला म्हणाल्या, "तुम्ही निघा आता." मी निघालो.

नंतर मी दोनदा फोन केला. दुसरी व्हॅन बघतो, सगळं काम मी करून देतो, असं सांगायचं होतं. अण्णांनी दुसऱ्या वेळी उचलला, शांतपणे ऐकलं, आणि नको म्हणाले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. स्टूल मी अजून मधूनमधून पुसून ठेवतो, पण ते गिऱ्हाइकांसाठीच.

गेल्या महिन्यात जयनगरच्या बाजूला एका कामाला गेलो होतो. सिग्नलला स्कूटर थांबवली तर डाव्या हाताला एक पांढरी व्हॅन. स्टिअरिंगवर अण्णा. पाठीमागे, मधल्या मोकळ्या जागेत, अक्का खुर्चीत, शाल घेतलेल्या, खिडकीबाहेरच्या फुलवाल्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलत होत्या. अण्णांनी मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. मी हात वर केला नाही. त्या गाडीचं वायरिंग कोणी केलंय, रिले किती अँपिअरचे आहेत, मागे कट-ऑफ स्विच आहे का, हे मला त्या क्षणी इतकं विचारावंसं वाटलं की मी हेल्मेटची काच वर केली. पण ते विचारण्याचा हक्क मी केव्हाच घालवला होता. सिग्नल सुटला. ते सरळ गेले, मला उजवीकडे वळायचं होतं.